सतरा एक आणि दोन शून्यं

"हा बोर्ड टॉयलेटशेजारी नाही लावायचा, तर काय स्टेजवर लावायचा? नुसता सतरा वेळा एक लिहिलाय! ह्याला काय एक्झिबिट म्हणतात?"

हे बोलणं प्रणयच्या डोक्यावर, अगदी वीतभर अंतरावर झालं. प्रणय टेबलाखाली होता. वय वर्षं अकरा, दातांत सेलोटेप, आणि टेबलक्लॉथची कड नीट चिकटवण्याची कामगिरी. त्याला दिसत होते फक्त चार बूट. त्यातले दोन तपकिरी आणि चकाचक, म्हणजे डॉक्टर श्रीनिवासकाकांचे. उरलेले दोन रंगाचे डाग पडलेले ट्रेनर्स, म्हणजे प्रमोदकाकांचे.

"हळू बोला, डॉक्टर," ट्रेनर्स म्हणाले. "बाई किचनमध्येच आहेत."

"असू देत की! कोण आहेत ते माहीत आहे मला."

ट्रेनर्सची जरा चुळबुळ झाली. मग प्रमोदकाकांनी घाईघाईनं विचारलं, "खुर्च्या किती लावायच्या? शंभर पुरतील ना?"

कॉव्हेंट्रीतल्या मराठी मंडळींचा विद्यामेळा उद्या, शनिवारी होता. बुद्धविहारातली मंडळी आणि मंडळातली डॉक्टर-इंजिनियर मंडळी यंदा पहिल्यांदाच मेळा मिळून करणार होती. पोस्टरवर 'एकत्र' हा शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत छापला होता. हॉलमध्ये मात्र चहाचे दोन घोळके होते, आणि दोन्हींच्या मधून एक बस आरामात गेली असती.

प्रणय टेबलाखालून बाहेर आला. त्याची बहीण कल्याणी आधीच त्या बोर्डासमोर, कमरेवर हात ठेवून उभी होती. तेरा वर्षांची कल्याणी कमरेवर हात ठेवते तेव्हा घरातले सगळे जरा बाजूला होतात.

बोर्ड साधाच होता. पांढऱ्या कार्डावर निळ्या शाईनं, ठसठशीत आकड्यांत लिहिलं होतं:

१११११११११११११११११ = २०७१७२३ × ५३६३२२२३५७

आणि खाली: 'सतरा एकांच्या ह्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून ह्या दोनच संख्यांनी भाग जातो. शोधणार: भीमाबाई.'

"कुणी सांगितलं हे बरोबर आहे म्हणून?" डॉक्टरकाकांनी लॅपटॉप उघडला. "बघू या ना! आता दूध का दूध." त्यांनी स्प्रेडशीटमध्ये दोन्ही संख्या घातल्या, गुणाकार केला, रकाना रुंद केला आणि स्क्रीन सगळ्यांकडे वळवला.

१११११११११११११११००

"शेवटी दोन शून्यं!" ते जवळजवळ खूश झाले. "सतरा एक येतच नाहीत. चूक आहे. काढा बोर्ड!"

तेवढ्यात किचनच्या दारात भीमाबाई दिसल्या. हातात धुतलेल्या कपांचा ट्रे होता. मेळ्यात बोलायला म्हणून त्यांना बोलावलं होतं आणि सकाळपासून त्या कपच धूत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. इथल्या एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. उद्या दहा मिनिटं त्या आपल्या संख्येबद्दल बोलणार होत्या. ह्या गावात येऊन पन्नास वर्षं झाली, पण माईकसमोर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"यंत्राला परत विचारा," त्या म्हणाल्या.

"यंत्र चुकत नाही, बाई."

भीमाबाईंनी ट्रे खाली ठेवला. पदराला हात पुसले. "मग उद्या माझं काही काम नाही इथं," एवढं बोलून त्यांनी कोट घेतला आणि गेल्या. प्रमोदकाकांनी बोर्ड उतरवला आणि तोंड भिंतीकडे करून ठेवला, जणू बोर्डानंच काही आगाऊपणा केला होता.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत, काका!" कल्याणी कडाडली.

"जाऊ दे गं. पहिलंच वर्ष आहे. उगाच वाद नको."

*

मुलांना बाहेर हाकलण्यात आलं. बाहेर म्हणजे कार पार्कमध्ये. तिथे डॉक्टरकाकांची मुलगी वरदा मोठ्या रंगीत खडूंनी 'वेलकम' लिहीत बसली होती. वरदा आणि कल्याणी एकाच शाळेत, एकाच वर्गात होत्या. दोघी मॅथ्सच्या टॉप सेटमध्ये, म्हणजे सर्वांत हुशार तुकडीत होत्या आणि दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं.

"तुझ्या बाबांनी भीमाबाई आजींचा सगळ्यांसमोर अपमान केला," कल्याणीनं सुरुवातच अशी केली.

"चूक असेल तर चूकच म्हणणार ना? बाबा उगाच काही बोलत नाहीत."

"हो का! ते देव आहेत?"

"तुझ्या आजी आहेत?"

"माझ्या नाहीत! पण त्यांना सगळे ओळखतात! आणि तुझी आई माझ्या आईशी नीट बोलत का नाही, ते सांग आधी!"

"तुझीच आई बोलत नाही! आणि मला काय विचारतेस? तुझ्या आईला विचार!"

"विचारलं! ती म्हणाली, तू अभ्यास कर!"

"माझी पण तेच म्हणाली!"

भांडण रंगात आलं असताना एकमत होणं फार गैरसोयीचं असतं.

प्रणय मात्र 'वेलकम'च्या शेजारी उकिडवा बसून बोटं मोजत होता. "एक मिनिट," तो म्हणाला. "पहिल्या नंबरचा शेवट तीन. दुसऱ्याचा शेवट सात. तीन साते एकवीस. मग शेवटी एक येणार ना? झीरो कुठून आली?"



"आलं," कल्याणीनं सवयीनं दुरुस्त केलं. मग तिचे डोळे मोठे झाले. "प्रणय!"

वरदाचा खडू हवेतच राहिला. "विषम गुणिले विषम," ती हळूहळू म्हणाली, "नेहमी विषम. शेवटी शून्य येऊच शकत नाही. कधीच नाही!" तिचा चेहरा पडला. "पण लॅपटॉपनं..."

"ताळा करू!" कल्याणी म्हणाली. "भीमाबाई आजींनी विहारात शिकवलाय. नवाचा ताळा. आकड्यांची बेरीज करायची, एकच आकडा उरेपर्यंत."

तिनं डांबरावर लिहिलं. पहिल्या संख्येच्या आकड्यांची बेरीज बावीस, म्हणजे चार. दुसरीची अडतीस, म्हणजे अकरा, म्हणजे दोन. चार दुणे आठ. आता सतरा एकांची बेरीज सतरा. एक आणि सात?

"आठ!" प्रणय ओरडला. "आणि काकांच्या नंबरमध्ये एक फक्त पंधरा आहेत. पंधरा म्हणजे सहा! फेल!"

"ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असतं असं नाही," वरदा म्हणाली. हरायचं नव्हतं म्हणून म्हणाली, पण म्हणाली ते खरं होतं. "जुळला नाही तर मात्र नक्की चूक. म्हणजे बाबांचं नक्की चूक आहे. आजींचं बरोबर आहे का, ते बघायला पूर्ण गुणाकार करावा लागेल. हातानं."

"दहा आकडी गुणिले सात आकडी?"

"घाबरलीस?"

"दे तो खडू!"

पुढची चाळीस मिनिटं कॉव्हेंट्रीच्या त्या कार पार्कमध्ये काय चाललं होतं म्हणता! 'वेलकम' पुसला गेला. गुणाकाराच्या ओळी एका निळ्या व्हॅनपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत पोचल्या. कल्याणी गुणाकार करी, वरदा मागून तपासे, आणि हातचे धरायचं काम प्रणयकडे.

"हातचे चार!"

"पाच, बावळट!"

"माझी बोटं संपली!"

"बुटांतली वापर!"

दोनदा चुकलं. एकदा तर कोण चुकलं ह्यावरून खडू फेकून मारण्यात आला. शेवटी उजवीकडून बेरीज सुरू झाली. एक. एक. एक. परत एक. आकड्यामागून आकडा, प्रत्येक रकान्यात एकच! दहाव्या एकापाशी त्यांचं भांडण थांबलं होतं. पंधराव्याला तिघं श्वास रोखून होती. सतरावा एक वरदानं लिहिला, आणि ती खडूसकट डांबरावर बसकण मारून म्हणाली, "ओ माय गॉड."

*

"मुलांनो, हे कार पार्क आहे की फळा?" डॉक्टरकाका बाहेर आले.

"बाबा, लॅपटॉप द्या," वरदा म्हणाली. तिनं कोऱ्या रकान्यात फक्त सतरा एक टाइप केले. गुणाकार नाही, बेरीज नाही, काही नाही. मग एंटर दाबलं.

शेवटचे दोन एक गुपचूप शून्य झाले.

"बघितलंत? ह्याला पंधराच आकडे सांभाळता येतात! पुढे सगळी शून्यं टाकून मोकळा होतो! आणि तीन साते एकवीस, हे तरी बघायचं ना, बाबा!"

डॉक्टरकाकांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा शून्यं. त्यांनी डांबरावरचा गुणाकार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत वाचला. मग खिशातून फोन काढला, काहीतरी शोधलं, आणि त्यांच्या कपाळावरची आठी चक्क गेली.

"अच्छा! हे तर इंटरनेटवरच आहे! सतरा एकांचे हेच दोन भाजक. तरीच म्हटलं! म्हणजे बाईंनी इथून उतरवलंय."

कल्याणी थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आधी चूक म्हणून काढलंत! आता बरोबर आहे म्हणून काढणार? मग त्यांनी करायचं तरी काय?"

"आवाज खाली, बेटा. त्यांनी स्वतः शोधलं असेल तर त्यांचं कच्चं काम असेल ना? उद्या अकराला मेळा उघडतो. त्याआधी दाखवा. नाहीतर बोर्डही नाही, भाषणही नाही."

ते आत गेले. वरदा बराच वेळ त्या बंद दाराकडे बघत होती.

"मंडळातल्या त्या देवनं मेळ्यात रॉकेट ठेवलंय, त्याचं कच्चं काम नाही मागितलं त्यांनी," ती म्हणाली. "ते रॉकेट तर त्याच्या बाबांनीच केलंय. सगळ्यांना माहीत आहे."

"मग ह्यांचंच का मागितलं?" प्रणयनं विचारलं.

कल्याणीनं हातांवरचा खडू झटकला. "चल," ती म्हणाली. आणि मग वरदाकडे न बघता, "येणार असलीस तर तूही चल."

*

भीमाबाई दोन गल्ल्या पलीकडे, कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या, एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहत. दार उघडून त्यांनी तिघांकडे एकेक करून बघितलं.

"जय भीम, आजी," कल्याणी आणि प्रणय म्हणाले.

"नमस्ते," वरदा चाचरत म्हणाली.

"जय भीम. नमस्ते. डॉक्टरांची मुलगी ना तू? वकिली करायला आलीस, की माफी मागायला? दोन्ही नको मला."

"आम्ही गुणाकार केला, आजी! कार पार्कात! बरोबर आहे!" प्रणयनं एका दमात सांगितलं.

"ते मला ठाऊक आहे. पस्तीस वर्षांपासून." पण दार मात्र त्यांनी पूर्ण उघडलं.

मुलांनी सगळं सांगितलं. इंटरनेटचं ऐकून भीमाबाई हसल्या, आणि ते हसणं काही गोड नव्हतं. "लाँड्रीत इंटरनेट कुठलं आलं! एक इस्त्रीचं यंत्र होतं, तेही दर मंगळवारी बंद पडायचं. चौथी शिकून आले होते मी. मुलांच्या पुस्तकांतून पुढचं शिकले. एकदा असाच नाद लागला. नुसते एक मांडायचे आणि त्यांना कोण भागतंय ते शोधायचं. तीन एकांना तीन भागतो. पाच एकांना एक्केचाळीस. कुणी ना कुणी भेटतंच. सतरालाच कुणी भेटेना. दर चहाच्या सुट्टीत शोधायचे."

"पण एवढ्या संख्या! सगळ्या बघितल्या?" वरदानं न राहवून विचारलं.

"सगळ्या कशाला? डोकं आहे ना! पाच एकांचे भाजक एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर. दोन्हींतून एक काढ."

"चाळीस. दोनशे सत्तर."

"दहाच्या पाढ्यातले. पाचाची दुप्पट दहा. सात एकांचे भाजक दोनशे एकोणचाळीस आणि चार हजार सहाशे एकोणपन्नास. एक काढला की दोन्ही चौदाच्या पाढ्यात. साताची दुप्पट. अकरा एकांचेही बघितले, तिथं बावीस. मग सतराचे?"

"चौतीसच्या पाढ्यात एक मिळवायचा!" वरदा उठूनच उभी राहिली. "चौतीसातल्या एकाच संख्येला बघायचं! बाकीच्या तेहतीस सोडून द्यायच्या!"

"त्यातल्याही मूळ संख्याच घ्यायच्या. तरी नऊ हजारांच्या वर भागाकार झाले. चार वर्षं गेली."

"आणि ते कागद?" कल्याणीनं विचारलं.

"हॉलच्या स्टोअरमध्ये. इथं जागा कुठाय? कपबशांच्या तीन खोक्यांत भरून ठेवलेत."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. कारण स्टोअर काल प्रमोदकाकांनी मेळ्यासाठी रिकामं केलं होतं.

कल्याणीनं फोन लावला. "काका! स्टोअरमधल्या कपबशांच्या खोक्यांचं काय केलंत?"

"ती ना? चॅरिटी शॉपला देऊन टाकली सकाळी. चांगल्या कपबशा होत्या, कुणाच्या तरी उपयोगी..."

"उघडून बघितली होती?"

"बाहेर लिहिलं होतं ना गं, कपबशा."

*

चॅरिटी शॉप, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान, बसनं चार स्टॉप दूर होतं. काउंटरवर जांभळ्या केसांच्या बाई होत्या आणि त्यांचा मूड त्यांच्या केसांपेक्षा गडद होता.

"तीन खोकी कपबशा?" त्या म्हणाल्या. "एकही कप निघाला नाही त्यांतून! नुसते जुने कागद! अर्धा तास गेला माझा! आणि डोनेशन एकदा आत आलं की आमचं, परत मिळत नाही!"

"खोकी नकोत आम्हांला. फक्त ते कागद!" कल्याणी म्हणाली.

"कागद मागच्या गल्लीत, रिसायकलिंगच्या पिशव्यांत आहेत. आणि लॉरी..."

मागून घरघर ऐकू आली.

"...येते आता," बाईंनी वाक्य पूर्ण केलं, पण ऐकायला कुणी नव्हतं.

तिघं दुकानातून, कोट-जॅकेटांच्या रांगेतून, 'प्रवेश नाही' लिहिलेल्या दारातून सुसाट पळाली. गल्लीत लॉरी उभी होती. पिवळ्या जॅकेटमधल्या माणसानं एक पिशवी मागे फेकली. यंत्राचा जबडा मिटला. कर्रर्र! त्यानं दुसऱ्या पिशवीला हात घातला.

"थांबा!" प्रणय मराठीतच किंचाळला. "ती गणित आहे!"

माणसाला शब्द कळला नाही, पण अकरा वर्षांचा मुलगा असा किंचाळला की माणूस थांबतो. तेवढ्यात वरदानं पिशवीवर झडप घातली. कल्याणीनं तिसरी पोटाशी धरली.

"ते आमच्या आजींचं आहे! चार वर्षांचं काम!" वरदा इंग्रजीत ओरडली. 'आमच्या' म्हणाली हे तिच्या स्वतःच्याच नंतर लक्षात आलं.

"रद्दीसाठी भांडणारी पोरं पहिल्यांदाच बघतोय," तो माणूस म्हणाला. "घेऊन जा. पण इथून लवकर पळा, मला उशीर होतोय!"

मागच्या दारात जांभळ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी न बोलता दोन मोठ्या कॅरीबॅग पुढे केल्या. "फाटतील त्या पिशव्या," त्या खेकसल्या. "काय बघताय? धरा!"

*

बसच्या वरच्या मजल्यावर, सर्वांत पुढच्या सीटवर तिघांनी कागद उघडले. एक पिशवी गेली होती. तिच्यातच शेवटचा कागद असला तर?

कागदांच्या एका बाजूला लाँड्रीच्या छापील याद्या होत्या: चादरी, अभ्रे, टॉवेल. दुसऱ्या बाजूला बारीक, सरळ अक्षरात भागाकार. वरती भाजक, खाली पायऱ्या, शेवटी बाकी.

"एकशे तीन," वरदानं वाचलं. "बाकी सत्तावन्न. एकशे तीन म्हणजे चौतीस त्रिक एकशे दोन, अधिक एक. बरोबर!"

"एकशे सदतीस. बाकी..." कल्याणी थांबली. "बाकी एक. अगं, एकानंच हुकलं!"

"मग आजींनी काय केलं?" प्रणयनं विचारलं.

"पुढची संख्या घेतली."

पानामागून पान. बाकी, बाकी, बाकी. कुठे चहाच्या कपाचं गोल वर्तुळ, कुठे साबणाचा डाग. नऊ हजार वेळा 'नाही' लिहिलेलं. वरदाला एक गणित दोनदा चुकलं तरी रडू यायचं.

"इंटरनेटवरून कुणी उतरवलं," ती म्हणाली, "तर फक्त बरोबर उत्तर उतरवेल. चुकलेली कशाला उतरवेल?"

"आणि हे बघ!" कल्याणीनं कागद उलटा केला. यादीवर तारीख छापलेली होती. १९८८. दुसऱ्यावर १९८९. "तेव्हा आपल्यापैकी कुणाकडेच इंटरनेट नव्हतं! तुझे बाबा तेव्हा इंग्लंडमध्ये पण नव्हते!"

त्यांचा स्टॉप आला आणि गेला. कुणाचं लक्ष नव्हतं. वरदाच्या पिशवीच्या तळाशी, चुरगळलेला, एका कोपऱ्यात फाटलेला तो कागद होता. मार्च १९९१. भाजक २०७१७२३. भागाकार पार खालपर्यंत उतरत गेला होता. शेवटी बाकी शून्य. त्या शून्याभोवती गोलसुद्धा काढलेला नव्हता. फक्त शेजारी लिहिलं होतं: 'चहा गार झाला.'

प्रणयनं खिडकीबाहेर बघितलं. त्याच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, आणि ते काय, हे बहिणीनं विचारलं नाही.

*

शनिवारी सकाळी दहा वाजता डॉक्टरकाकांच्या टेबलावर दोन कॅरीबॅग येऊन आदळल्या.

"कच्चं काम," वरदा म्हणाली.

मागोमाग भीमाबाई आल्या. त्यांनी पांढरी साडी नेसली होती आणि वर जाड कोट होता. "मी माझे कागद न्यायला आलेय," त्यांनी जाहीर केलं. "दाखवायला नाही."

मंडळी जमली. दोन्ही घोळके आपापल्या जागेवरून माना उंच करून बघू लागले. प्रमोदकाका खांबामागे उभे राहिले. डॉक्टरकाकांनी एक कागद घेतला, दुसरा घेतला, तारीख बघितली, उलटा केला.

"एक तरी स्वतः करून बघा, बाबा," वरदानं पेन पुढे केलं. "एकशे तीन घ्या. सोपा आहे."

लोकांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी सतरा एक मांडले आणि भागायला लागले. चौथ्या पायरीवर चुकले. प्रणयनं तत्परतेनं सांगितलं, "हातचा राहिला, काका." त्यांनी खोडलं आणि पुढे गेले. शेवटी बाकी उरली. सत्तावन्न.

भीमाबाईंच्या कागदावरही सत्तावन्न.

सगळा हॉल बघत होता. डॉक्टरकाका मान वर करून एकदम हसले आणि टाळ्या वाजवायला लागले. "शाब्बास! शाब्बास मुलांनो! काय हुशारी! लॉरीसमोर उभं राहून पुरावे आणले! ह्यांना बक्षीस द्यायला हवं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "गुणी पोरं आहेत!" कुणीतरी म्हणालं. "ह्या वयात एवढं धाडस!" प्रमोदकाका खांबामागून बाहेर आले आणि त्यांनी प्रणयची पाठ थोपटली. कल्याणीची आई राजश्री, रात्रपाळी करून थेट तशीच आलेली, डोळे पुसत होती.

टाळ्या भीमाबाईंच्या डोक्यावरून पलीकडे जात होत्या.

"थोडा गैरसमज झाला," डॉक्टरकाका म्हणाले. "स्प्रेडशीटचा दोष. पंधराच आकडे घेतं ना ते!"

"हो हो, कॉम्प्युटरचा दोष!" प्रमोदकाका म्हणाले.

"कॉम्प्युटरच!" दोन्ही घोळके एकदम म्हणाले. पोस्टरवरचा 'एकत्र' हा शब्द पहिल्यांदाच खरा झाला.

"आजींना कप धुवायला पण कॉम्प्युटरनं सांगितलं?" कल्याणी म्हणाली.

"कल्याणी!" राजश्री दबक्या आवाजात म्हणाली.

"आणि बरोबर आलं तर कॉपी, हे पण कॉम्प्युटरनं सांगितलं? देवच्या रॉकेटला कुणी पुरावा मागितला नाही. कुणालाच मागितला नाही. मग ह्यांनाच का? मला कुणी सांगतच नाही! सगळे म्हणतात, अभ्यास कर!"

मोठी माणसं गप्प होतात तेव्हा त्यांना अचानक छत, घड्याळ, चपला अशा गोष्टी फार बघाव्याशा वाटतात. भीमाबाई मात्र कुठेच बघत नव्हत्या. त्या एकेक कागद सरळ करून चळत लावत होत्या.

"बाबा?" वरदा म्हणाली. "सांगा ना."

"आता मुलांसमोर काय... अनुराधा, चहाचं बघ जरा."

वरदाची आई, अनुराधाकाकू, स्टेजपाशी पाहुण्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या कापत बसल्या होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली. चहाकडे गेल्या नाहीत. सगळ्या हॉलमधून, दोन घोळक्यांच्या मधल्या त्या मोकळ्या जागेतून चालत त्या भीमाबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमचा मेळ्याचा फॉर्म आला त्या दिवशी जेवताना ह्यांनी मला विचारलं, ह्या भीमाबाई म्हणजे कोण?" त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "मी तुम्हांला ओळखते. माझ्या बाळंतपणात हॉस्पिटलात तुम्ही मला गरम पाण्याची पिशवी आणून दिली होतीत. ते नाही सांगितलं मी. तुमचं गणितही नाही सांगितलं."

"अनुराधा, पुरे," डॉक्टरकाका म्हणाले.

"जात सांगितली मी, भीमाबाई. आणि ह्यांनी त्यावरून तुमचं टेबल टॉयलेटशेजारी ठरवलं."